सात नंबरच्या धक्क्याचं कार्ड

कलकत्त्यात बंगाली वर्ष सरताना गडियाहाटच्या फुटपाथवर चैत्र सेल लागतो. चादरींचे ढीग, साड्यांचे गठ्ठे, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारे विक्रेते, डांबर मऊ करणारं ऊन आणि त्या गर्दीतून छातीशी फाइल धरून परीक्षेला निघालेली पोरं. दरवर्षी हे असंच असतं. मी पंचाहत्तरी ओलांडली, नोकरी सोडूनही जमाना झाला, तरी या दिवसांत कुणीतरी माझ्याकडे निकाल मागायला येणार आहे असं वाटत राहतं.

यंदा तर परीक्षा घरातच आली. वरच्या मजल्यावरची तितली अकरावीत आहे आणि शाळेत कॉम्प्युटर शिकते. मी कधीकाळी प्रोग्रामर होते हे तिला तिच्या आजीकडून कळलं. तेव्हापासून ती लॅपटॉप घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसते. 'ऑब्जेक्ट' म्हणजे काय ते मुलांना कळावं म्हणून शाळेनं एक खेळ दिला आहे. पडद्यावर एक बाग, बागेत मांजरं, उंदीर, कुंपण, दाणे. प्रत्येकाची माहिती वेगळी, प्रत्येकाची कामं वेगळी. उंदराला भूक लागली आहे का, हे मांजराला आपोआप कळत नाही, उंदराला विचारावं लागतं. मला पिशी, म्हणजे आत्या, म्हणणारी तितली हात हलवून समजावते, "ज्याचं त्याच्यापाशी, शशीपिशी! दुसऱ्याच्या आत डोकवायचं नाही. विचारायचं. बस." मी मान डोलावते. हेच मी पन्नास वर्षांपूर्वी खिदिरपूरच्या गोदीत बारा कारकुनांसमोर उभी राहून सांगितलं होतं, आणि तितलीपेक्षा बऱ्याच जास्त तोऱ्यात.

तोरा होताच. त्र्याहत्तर सालच्या चैत्रात मी सव्वीस वर्षांची होते, संख्याशास्त्राची एम.एस्सी. होते, आणि आख्ख्या गोदीत खुर्चीवर बसून काम करणारी मी एकटीच बाई असेन. आमचं घराणं दोन पिढ्या कलकत्त्याचं. अप्पा बालीगंजच्या शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी, बाहेर बंगाली, आणि भांडताना दोन्ही. चैत्राला आमच्याकडे दोन तोंडं असत. एका बाजूला पाडवा आणि दुसऱ्या बाजूला बंगाली नववर्षाचा पोयला बैशाख. गॅलरीत गुढी उभी राहिली की खालून जाणारे लोक मान वर करून उलट्या तांब्याकडे बघायचे. आई पन्ह्याची कैरी उकडायची, आणि शेजारणी सांगायच्या की ती निखाऱ्यावर भाजायला हवी. वीज तर केव्हा जाईल त्याचा नेम नव्हता. पंखा थांबला की सगळं घर एकदम बोलायचं थांबे, मग अप्पा म्हणत, "चला, आता विचार करा."

मी ज्या कंपनीत होते ती जहाजांच्या मालकांच्या वतीनं गोदीतली कामं बघायची. कुठलं जहाज कधी आलं, कुठल्या धक्क्याला लागलं, माल कुठे उतरला, हे सगळं जाड वह्यांमधून चालायचं. आमचे मेननसाहेब नॉर्वेला वर्षभर शिकून आले होते. तिथले लोक बंदराचा प्रोग्राम कसा लिहितात त्याची एक सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्या लोकांच्या भाषेत जहाज ही एक स्वतंत्र वस्तू, धक्का ही एक वस्तू, क्रेन ही एक वस्तू. प्रत्येकीची आपली आठवण, आपलं काम. मी ती पुस्तिका दोन दिवसांत संपवली आणि वेड्यासारखी खूश झाले. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला जो कॉम्प्युटर ताशी भाड्यानं वापरायचो, त्याला असलं काही कळत नव्हतं. त्याच्यासाठी शेवटी सगळं जुन्या भाषेतच लिहून, कार्डांना भोकं पाडून, ट्रे मांडीवर घेऊन टॅक्सीनं न्यावं लागायचं. पण विचार तर नव्या तऱ्हेनं करता येत होता. मेननसाहेब म्हणाले, "बारा क्लार्क देतो. त्यांना हा विचार शिकवा."

बारा क्लार्क म्हणजे बारा तोंडं फिरवलेली माणसं. बाहेर गोदीच्या भिंतीवर नोकऱ्या खाणाऱ्या यंत्राच्या विरोधात हातभर उंचीची अक्षरं रंगवलेली होती आणि त्यातली दोनचार बहुतेक याच लोकांनी रंगवली असावीत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर चौकोन काढले. कुणी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून लुडोचा फासा आणि कॅरमच्या सोंगट्या घेऊन गेले.

तो खेळ मी रचला होता, आणि आजही सांगते, खेळ छान होता. जुन्या दप्तरखान्यातली टेबलं जोडून आम्ही नदी केली, खडूनं धक्के आखले. प्रत्येक माणूस म्हणजे एक वस्तू. हा कोळशाचं जहाज, तो चहाचं जहाज, हा क्रेन, तो गोदाम. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड, त्यावर दोन रकाने: मला काय ठाऊक आहे, आणि मला काय करता येतं. कार्ड छातीशी धरायचं. दुसऱ्याच्या कार्डात बघायचं नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवून विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्यानं आपल्या कार्डात बघून उत्तर द्यायचं. जहाजांची कार्डं करताना मी कार्बन पेपर वापरला. मूळ कार्डावर सगळ्या जहाजांना लागू पडेल ते, आणि खालच्या प्रतींवर प्रत्येकानं आपलं वेगळेपण पेन्सिलीनं घालायचं. एक कारकून कार्बनची निळी बोटं बघत म्हणाला, "म्हणजे आई एक, पोरं अनेक!" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पुस्तिकेत या गोष्टीला सहा पानं लागली होती.

चार दिवसांत दप्तरखान्याचं रूप पालटलं. पन्नाशीची माणसं "चिठ्ठी! माझी चिठ्ठी कुणी दाबली?" म्हणून भांडायला लागली. क्रेन झालेला माणूस जेवणाच्या सुट्टीतही हात वर करूनच चालायचा. मातीच्या कुल्हडांतला चहा थंड होऊन जाई. भिंतीवरची अक्षरं बाहेर होती तशीच होती, पण आत कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं. मला वाटायचं, मी जिंकले.

सात नंबरचा धक्का होते हालदारबाबू. सुधामय हालदार, वय बावन्न, धोतर आणि त्यावर कॉलर झिजलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. तीस वर्षं गोदीत. आवाज इतका हळू, की त्यांची चिठ्ठी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायची. मला "दिदिमणि", म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणायचे, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून कधीही एकेरीवर आले नाहीत. त्यांनी एकदा मला घरी चहाला नेलं. गोदीपासून दहा मिनिटांवर, एका गल्लीत दोन खोल्या. त्यांच्या बायकोची दृष्टी काचबिंदूनं पार गेली होती. मी त्यांना काकीमा म्हटलं. त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, हात न चाचपडता साखरेच्या डब्यावर नेला, चौथ्या पावलाला दारापाशी वळल्या आणि कप अचूक माझ्या हातात दिला. मी काहीतरी कौतुकाचं बोलले असेन. त्या लेकीला म्हणावं तसं म्हणाल्या, "बारा वर्षं झाली गो मां, या खोल्यांत. इथे मला दिसतं. बाहेर गेले की आंधळी होते." हालदारबाबू कप धरून खाली बघत होते. आणि मी काय विचार करत होते? की वर्गात सांगायला हे किती चांगलं उदाहरण आहे, प्रत्येक वस्तू आपल्या जागी, आपापलं सांभाळून. लाज वाटते, पण खरं आहे.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी खेळ अडला. चहाच्या जहाजानं सात नंबरला चिठ्ठी पाठवली होती, "रिकामा आहेस का? मला घेशील का?" हालदारबाबूंच्या कार्डावर 'रिकामा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, "नाही." जहाज अडलं, जहाजामागे क्रेन अडली, गोदाम कुरकुरायला लागलं. मी त्यांचं कार्ड मागून बघितलं.

"हालदारबाबू, कार्डावर तर तुम्ही रिकामे आहात."

"हो दिदिमणि. पण काल पौर्णिमा झाली. दोन दिवस तिथे बान येणार. सात नंबर उघड्या नदीत आहे, दोर तुटतात. त्या दिवसांत तिथे चहा लावत नाहीत."

"हे तुमच्या कार्डावर आहे?"

"ना, ते नाही."

"मग? इथे धक्का बोलतोय. तुम्ही नाही."

सगळे खदखदून हसले. हालदारबाबूही हसले, आणि त्यांनी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. चहाचं जहाज कागदावर सात नंबरला सुखरूप लागलं.

बान म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी अप्पांनी मला घाटावर नेऊन तो दाखवला होता. समुद्राची भरती नदीत शिरते आणि पाण्याची एक भिंतच्या भिंत उलट्या दिशेनं चालत येते. घाटावरचे लोक आधीच ओरडायला लागतात, "बान आशछे! बान!" नावाडी नावा सोडून मध्यावर नेतात. मी अप्पांचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या मनगटावर वळ उठले. हे सगळं माझ्या अंगात होतं. तरी त्या दुपारी मला कार्डच जास्त खरं वाटलं, कारण कार्ड मी लिहिलं होतं.

तितलीच्या बागेतला एक उंदीर काल कुंपणापाशी जाऊन थांबला आणि पुढे जाईचना. ती वैतागली. मी म्हटलं, "त्याला काहीतरी ठाऊक असेल." ती हसली, "पिशी, त्याला मी सांगेन तेवढंच ठाऊक असतं." बरोबर आहे तिचं. उंदराचं ते तसंच असतं. मी उठून पाणी प्यायला गेले.

तिसऱ्या आठवड्यात मेननसाहेबांनी नोटीस लावली. नव्या विभागात पाचच माणसं लागतील. उरलेल्या सातांची बदली दुसऱ्या बंदरांतल्या कचेऱ्यांत. निवड परीक्षेनं, आणि परीक्षा म्हणजे दिदिमणींचा खेळ, गुण देऊन. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते खेळले नसते. घरी हे बोलून दाखवलं तेव्हा अप्पांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "खेळात हरलेला माणूस पुन्हा सोंगट्या मांडतो, शशे. परीक्षेत हरलेला उठून जातो. तू त्यांना पहिलं सांगून दुसऱ्यात बसवलंस." मी चिडले. "मी नियम केले नाहीत, अप्पा." "केलेस की. तूच केलेस," ते म्हणाले आणि आत गेले.

नोटीस लागल्यापासून दप्तरखान्यात कुणी ओरडेना. चिठ्ठ्या मुकाट्यानं जायच्या, मुकाट्यानं यायच्या. हात वर करून चालणारा तो माणूस हात खिशात घालून चालायला लागला. हालदारबाबू एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "दिदिमणि, बदली झाली तर मी जाईन. माझं काही नाही. पण ती नव्या घरात..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "तुम्ही पास व्हाल. फक्त कार्डावर आहे तेवढंच बोला."

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली होती. वीज नव्हती, खिडक्या उघड्या होत्या, मेननसाहेब रुमालानं मान पुसत माझ्या शेजारी बसले होते. प्रश्न मीच काढले होते. तारखा खऱ्या दिल्या तर खेळ खरा वाटेल म्हणून मी पंचांगातून उचललेल्या तारखा घातल्या, आणि त्यातली एक अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. माझ्या ध्यानातही नव्हतं. हालदारबाबूंच्या ते लगेच ध्यानात आलं असणार. सात नंबरला चिठ्ठी गेली, "रिकामा आहेस का? मला घेशील का?" त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला, तो त्यांनी बोटानं टिपला. मला वाटलं, आता लिहितील 'हो'. त्यांनी लिहिलं, "नाही. बान आहे."

मेननसाहेबांनी वाकून बघितलं. "हे 'बान' काय आहे? कार्डावर कुठे आहे?"

माझ्या हातात पेन्सिल होती. त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं, आज विचार करून लावलेला हा अर्थ नाही. चूक त्यांची नव्हती. धक्क्याला जे ठाऊक असायला हवं ते माझ्या कार्डावर नव्हतं. चांगल्या शिक्षिकेनं तिथेच कार्ड मागून घेऊन एक ओळ वाढवली असती आणि साहेबांना सांगितलं असतं, की या माणसानं माझा खेळ दुरुस्त केला आहे. पण साहेब माझ्या खेळावर खूश होते. बारा माणसं माझ्याकडे बघत होती. माझं कार्ड चुकलंय हे तोंडातून निघेना. मी म्हटलं, "कार्डावर नाही, सर." आणि फुली मारली. साहेबांनी विचारलं तेवढ्याचंच मी उत्तर दिलं.

त्या एका फुलीनं ते सहावे आले.

पोयला बैशाखला ते आमच्या घरी आले, नवं धोतर, हातात संदेश मिठाईचा पुडा. ओरिसातल्या पारादीप बंदरात जायचं ठरलं होतं. आईनं त्यांना पन्हं दिलं, त्यांनी वेलदोड्याचं कौतुक केलं. जाताना मला म्हणाले, "एक सांगू दिदिमणि? खेळ फार आवडला. मोठा झाल्यापासून मला कुणी खेळायला घेतलं नव्हतं." मी त्यांना वाकून नमस्कार केला. आमच्या घरातला तो सहज नमस्कार, पण शिकवणाऱ्या बाईनं वाकावं याचा संकोच होऊन त्यांनी पाय मागे घेतले. गॅलरीतून मी त्यांना कोपऱ्यापर्यंत जाताना बघितलं.

मग प्रोग्राम लिहायला बसले. सात नंबरपाशी आले तेव्हा हात थांबला. खऱ्या नदीला माझ्या कार्डाशी काही देणंघेणं नव्हतं. प्रोग्राम चुकला असता तर खरं जहाज चुकीच्या दिवशी उघड्या धक्क्याला लागलं असतं. मी ओळ घातली: अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन दिवस, नाही. चाचणीचे कागद मेननसाहेबांपुढे ठेवले. गोदीतला एक जुना अधिकारी तिथे बसला होता, त्यानं ती ओळ बघून भुवया उंचावल्या. "हे कुणाला सुचलं? हे तर इथली जुनी माणसंच जाणतात." मेननसाहेब अभिमानानं म्हणाले, "आमच्या मिस गोखल्यांचं काम. कलकत्त्यातच जन्मल्या आहेत त्या." मी म्हटलं, "थँक यू, सर."

त्यानंतर तीन महिन्यांनी पारादीपहून एक जाड पाकीट आलं. आत कार्डं होती. तिथल्या सगळ्या धक्क्यांची, सुबक बंगाली अक्षरात, माझ्याच पद्धतीनं दोन रकाने आखून. भरती, वारा, वाळू कुठे साचते, कुठल्या दिवशी काय लावू नये, सगळं. आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी त्यांनी तिसरा रकाना केला होता: याखेरीज कुणास काही ठाऊक असल्यास येथे लिहावे. तो कोरा ठेवला होता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, "आता मी काहीही कार्डाबाहेर ठेवलेलं नाही. कृपया तपासून गुण द्यावेत. पास झालो तर मेननसाहेबांना सांगावं. इथे घर मोठं आहे, हवा चांगली आहे. ती दिवसभर एका जागी बसून असते."

मी प्रत्येक कार्ड तपासलं. एकही चूक नव्हती. तिसऱ्या रकान्यासारखं काही मला सुचलं नव्हतं, नॉर्वेच्या पुस्तिकेतही नव्हतं. मी दहापैकी दहा गुण दिले, खाली सही केली आणि पाकीट परत पाठवलं. नव्या विभागात तेव्हा एक जागा रिकामी झाली होती. माणूस निवडणं माझ्या हातात नव्हतं, पण शिफारस करणं होतं. साहेबांनी मला दोनदा विचारलंसुद्धा, "कुणी आहे का तुमच्या नजरेत?" हालदारबाबूंचं नाव घेतलं असतं, तर सात नंबरची ओळ कुणाची ते सांगावं लागलं असतं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "नाही, सर."